लेकीचं रक्त

बाबा, आज अकरावीच्या वर्गात हिवतापाचा धडा होता. दर वर्षी असतो, आणि दर वर्षी मी फळ्यावर तीच चित्रं काढते. डास चावतो, जंतू आधी यकृतात दडतो, मग रक्तात उतरतो, एकेका तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्या आतला ऐवज खात वाढतो. अशा असंख्य पेशी एकाच वेळी फुटतात तेव्हा माणसाला हुडहुडी भरते. फुटलेल्या पेशींतले जंतू नव्या पेशी धरतात आणि तापाच्या पुढच्या पाळीपर्यंत अंग निवतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, जिस दिन बुखार नहीं आता, उस दिन तो आदमी ठीक रहता है ना?" मी नाही म्हटलं, पण माझा आवाज इतका चढला की ती ओशाळून खाली बसली. तिचा काय दोष होता? तिने तुमचंच वाक्य उच्चारलं होतं, आणि तुम्हाला द्यायचं उत्तर मी तिच्या अंगावर टाकलं. एरवी मी रोजनिशी लिहिते, स्वतःशी बोलते. आज तुमच्याशी बोलायचं आहे. हे पत्र जाणार कुठेच नाही, त्यामुळे नीट रागावता येईल.

"आज माही पारी नाही." केवढ्या ऐटीत म्हणायचा तुम्ही हे. नव्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या पायाचं काम चाललेलं, सगळीकडे खणलेले खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी, आणि तुम्ही जड लोखंड दोरांनी वर चढवणाऱ्या खलाशांच्या टोळीचे मुकादम. एक दिवस गोधड्यांखाली दात वाजत पडायचं, दुसऱ्या दिवशी कामावर. टोळीत कोणाची पाळी कधी हे सगळ्यांना पाठ होतं. ज्याची आज नाही त्याने, ज्याची आहे त्याचंही ओझं उचलायचं, आणि उद्या त्याने याचं. "आमच्या टोळीत ताप बी शिफ्टनं येते," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचा आणि लोक हसायचे. मीही हसले आहे. एकमेकांना धरून राहण्याची ती रीत होती, हे मला कळतं. पण तिच्यामुळे तुमच्यातला कोणीच कधी आजारी ठरला नाही. फिरता कंपाउंडर कडू गोळ्या देऊन जायचा, दोन दिवसांत ताप हटला की उरलेल्या गोळ्या तुम्ही डब्यात ठेवायचा, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ त्यामुळेच येत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी नागपूरहून माहेरी आले. दारात तुम्हाला पाहिलं आणि आधी ओळखच पटेना. नखं कागदासारखी, जीभ पांढरी, खालची पापणी ओढून पाहिली तर तिथे लाल म्हणावं असं काहीच नाही. दोन पायऱ्या चढून तुम्ही खांबाला धरून उभे. डाव्या बरगडीखाली सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला दगडासारखी लागत होती आणि आई तिथे रोज गरम फडकं शेकत होती. मी दवाखान्याचा विषय काढला तर म्हणालात, "तू बी.एस्सी. होऊन जा, मंग तपासजो मले." फटाक्यांच्या आवाजात ते चालून गेलं. भाऊबीजेनंतर तुम्ही कामावर गेलात आणि दोर हातात असतानाच कोसळलात. त्या दिवशी तुमची पाळी नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. ते म्हणाले, जंतू औषधाने मरतील, पण इतक्या महिन्यांत रक्तच उरलेलं नाही, ते आधी भरायला हवं. धाकट्या भावाच्या रक्तातही जंतू निघाले. आईचं जुळेना. माझं जुळलं, आणि स्वच्छ निघालं. मी बाटलीभर दिलं. मला किती आनंद झाला होता हे तुम्हाला कधी सांगताच आलं नाही.

बाटली खाटेपाशी आणली. तुम्ही विचारलं, "हे कोणाचं रगत होय?" मी 'दवाखान्याचं' म्हणणार तोवर आईने माझ्याकडे पाहिलं. तिला तुमच्याशी खोटं बोलता येत नसे.

तुम्ही हात पोटाखाली ओढून घेतलात. "देल्या लेकीच्या घरचं मी पानी पेत नाही, अन् तिचं रगत पिऊ?"

खरंच होतं ते. लग्नानंतर एकदाच माझ्या सासरी आलात, तर फिरकीच्या तांब्यातून स्वतःचं पाणी घेऊन. ओसरीवर बसून तेच प्यायलात. सासूबाईंनी तुमचं कौतुक केलं आणि मलाही अभिमान वाटला.

आई म्हणाली, "घ्या नं जी. लेकरू रडून राहिलं." डॉक्टर म्हणाले, "खून में बेटा-बेटी नहीं होता, मुकादम." तर त्यांना तुम्ही, "आपके इधर नहीं होता होगा, साहब." मी म्हटलं, बाबा, हे सासरचं नाही, माझ्या अंगातलं आहे, तुम्हीच दिलेलं आहे.

"देल्लं वापस घेते का कोणी?" तुम्ही म्हणालात, आणि मग आईकडे वळून, "माही शपथ हाय तुले. माही शुद्ध गेली तरी लावू देजो नको."

संध्याकाळी तुमची शुद्ध गेली. डॉक्टरांनी आईला विचारलं. मी तिच्या पाया पडले. ती एवढंच म्हणत राहिली, "शपथ घातली नं माय त्याईनं." तुमच्या टोळीतले सगळे व्हरांड्यात आले होते, पण ज्याचं पाहावं त्याच्या रक्तात तेच. एकाचं जुळेल असं वाटलं. त्याची तपासणी चालू असताना, दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही गेलात. माझी बाटली शेजारच्या खाटेवर, पायावर लोखंड पडलेल्या एका माणसाला लावली. त्याच्या ओठांवर रंग येताना मी पाहिला. त्याने कोणाचं म्हणून विचारलं नाही.

पंचवीस वर्षं मी सांगत आले की माझ्या रक्ताने तुम्ही वाचला असता. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. "कोशिश करते हैं," इतकंच म्हणाले होते. हे मी इथे लिहून ठेवते, कारण रागातही खोटं नको. पण ती कोशिश तुमच्या एकट्याची नव्हती, बाबा. ती माझी होती, आईची होती. तुम्ही ताठ मानेने गेलात आणि आईला त्या शपथेखाली, ती जाईपर्यंत, सोळा वर्षं वाकवून ठेवलंत. लोक म्हणाले, मुकादमाने रीत पाळली. मला देऊन टाकलं म्हणजे मी तुमची कोण राहिले, हे कोणी विचारलं नाही. लेकीला नागपूरला मामाकडे ठेवून शिकवणारे तुम्हीच होतात. माझ्या शिक्षणाचा सगळ्यांपुढे तोरा मिरवायचात, आणि ते कामी आलं त्या दिवशी हात ओढून घेतलात.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं नवं बिऱ्हाड पाहायला रिसालीला गेले. चप्पल काढायच्या आधीच तिच्याकडे पाणी मागितलं, तुमच्यावरच्या रागाने, जावयासमोर, मुद्दाम मोठ्याने. तिने पेला आणून हातात दिला. तो मी दोन्ही हातांनी धरला आणि बाबा, पहिला घोट खाली उतरेना. लेक पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला ठसका लागला म्हणून सांगितलं.