शुभदावन्संनी घासलेल्या बाटल्या

बनशंकरी, बंगळूर
१४ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप शुभदावन्सं यांना,

वसुमतीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रोज तेल लावता की नुसतं लावते म्हणून कळवता, हे इथून समजायला मार्ग नाही, म्हणून मी दुसरंच धरून चालते. तुमचे धाकटे बंधू ठीक आहेत. आमटीत मीठ कमी असलं तर त्यांना पुन्हा कळू लागलं आहे, म्हणजे संकट टळलं. हे पत्र तुमचे आभार मानण्यासाठी आहे. शेवटपर्यंत वाचा, कारण मध्यावर तुम्हाला वाटेल की मी भांडते आहे.

तुम्ही इथे असताना यांना कामाबद्दल विचारलं होतंत आणि उत्तर ऐकता ऐकता तुमचा डोळा लागला होता (मी पाहिलं), म्हणून मीच सांगते. कारखान्याची घाण एका नळातून येते. नळ दिसतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. पण शेतातलं खत, गोठ्यातलं शेण, नव्या वस्त्यांच्या गटारांतलं पाणी हे पावसाबरोबर चहूकडून थोडं थोडं नदीत उतरतं. ते कुठून किती येतं, हे यांचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांगतं. सांगतं म्हणजे, त्याला मोजमापं पुरवली तर. ऑफिसची जीप यांना फक्त गुरुवारी मिळते, आणि पाऊस असला की ड्रायव्हर ती चिखलात घालत नाही. त्यामुळे गेली सहा वर्षं ही नदी आम्हाला कोरड्या गुरुवारचीच ठाऊक आहे. बाकीच्या वारी ती काय करते ते कॉम्प्युटर अंदाजाने सांगतो. (हसू नका. आमच्या घरात काय चाललं आहे ते तुम्ही मिरजेत बसून दोन पत्रांवरून सांगता, तीच ही पद्धत. फरक इतकाच की तुमचं बरोबर येतं.)

आता नेमक्या गुरुवारीच मल्लाप्पाच्या धोबीघाटावर हॉटेलांच्या चादरी येतात. मल्लाप्पा म्हणजे तुमच्या इरकल लुगड्याला इस्त्री करताना ज्याच्या डोक्याशी तुम्ही उभ्या होतात तो. गुरुवारचे आकडे पाहून नदी स्वच्छ ठेवायला नेमलेल्या कमिटीने ठरवलं की नदी घाटच नासवतो, तेव्हा घाट बंद करावा. हे म्हणत होते की घाटाचा वाटा थोडा आहे, नदी वरूनच मळून येते. पण पुराव्याला यांच्याकडे होतं काय? गुरुवार. शेवटी कमिटीने बैठकीपूर्वी आणखी एक फेरी करायला परवानगी दिली. तिच्यावर घाटावरच्या सगळ्या घरांची चूल अवलंबून होती.

त्या फेरीच्या बाटल्या मी स्वतः स्वच्छ करून आमच्या ओट्याखाली ठेवल्या होत्या (प्रयोगशाळेत ठेवल्या की लोक तेलाला नेतात). तुम्हाला त्यांवर धूळ दिसली. धूळ नव्हती, असो. दुपारी मी बँकेत गेले असताना तुम्ही त्या सगळ्या मिरजेहून आणलेल्या तुमच्या महिला मंडळाच्या पावडरने घासल्यात, उन्हात वाळवल्यात आणि जागच्या जागी ठेवल्यात. केलेल्या कामाची जाहिरात करायची नाही हा तुमचा स्वभाव. एरवी मला तो आवडतो.

फेरी झाली, अर्थात गुरुवारीच, आणि तपासणीचे आकडे आले. नदीच्या उगमाशी, शेतांपाशी, घाटावर, घाटाखाली, जिकडेतिकडे फॉस्फेट, आणि तेही सारखंच! हे दारातूनच ओरडत आले, "अगं, चहूकडून! मी म्हणत नव्हतो?" मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं की पडताळणीसाठी एका बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरून देतात, तिचा आकडा काय. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्चीत बसले. डिस्टिल्ड वॉटरही नदीइतकंच घाण होतं. मी उरलेली एक कोरी बाटली उघडून हुंगली. लिंबाचा वास. फॉस्फेट खतात असतं, तसं धुण्याच्या पावडरीतही असतं. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली त्याला बरीच वर्षं झाली, पण मिरजेची पावडर ओळखायला पदवी लागत नाही. तुम्ही तेव्हा मिरजेच्या परतीच्या गाडीत होतात, म्हणून हे तुम्हाला काही बोलले नाहीत. मला बोलले. मी सगळ्या बाटल्या पुन्हा धुवायला बसले.

रविवारी पाऊस लागला आणि बैठक तोंडावर आली. जीप अर्थातच नव्हती. तेवढ्यात मल्लाप्पा टेम्पोतून कपडे घेऊन आला. मी त्याला म्हटलं, गाडी वळव. हे अडून बसले. "ज्याच्यावर आरोप, त्याच्याच टेम्पोतून पुरावा आणायचा?"

"आरोप टेम्पोवर नाही. बसा," मी म्हटलं.

मल्लाप्पा म्हणाला, "सर पुढे बसू देत. अक्का, तुम्ही मागे गाठोड्यांवर स्वल्प ॲडजस्ट करा." मी केलं. त्याला एकाही बाटलीला हात लावू दिला नाही. बुचं मी लावली, दोरे मी बांधले. हे काठावरून घसरले आणि त्यांची एक चप्पल वाहून गेली. ती पुढे कुठे पोचली हे पाहिलं असतं तर प्रवाहाचा वेग कळला असता, असं त्यांना वर ओढून काढल्यावर सुचलं.

आणि वन्सं, या वेळी नदी बोलली. घाटाच्या पुष्कळ वरच पाणी तांबडंलाल होतं, शेतांतलं खत घेऊन आलेलं, आणि तिथलाच आकडा चादरींच्या कुठल्याही गुरुवारहून कितीतरी मोठा. घाटापाशी आकडा जेमतेम हलला. बैठकीत अध्यक्ष जयसिंगराव (इथलेच, चार पिढ्यांचे) म्हणाले, "हे सगळं सरी, बरोबर आहे, पण रविवारी का गेलात? आपली नदी गुरुवारची." असं अध्यक्षांनी खरोखर विचारलं. मग त्यांनी आकडे पुन्हा वाचले, चष्मा पुसला, आणि घाट राहिला. जीपही आता पावसात मिळणार आहे.

तुम्ही बाटल्या घासल्या नसत्यात तर तो गुरुवारही मागच्यांसारखाच निघाला असता, आणि आज घाटाला कुलूप असतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आम्ही दोघं मनापासून तुमचे ऋणी आहोत. मल्लाप्पाच्या बायकोने तुमच्यासाठी नारळ दिला होता. तो टिकला नसता, म्हणून तुमच्या नावाने वड्या करून खाल्ल्या.

गुडघ्याला तेल लावावं.

तुमची,
वसुमती

ता. क. बादलीभर पाण्यात पावडर किती टाकली होतीत, ते उलट टपाली कळवा. तेवढी वजा करून ती फेरीही वापरता येईल, अशी यांना आशा आहे. एवढ्याशा मोजमापांतून काही फेकायला यांचं मन होत नाही. चमच्याचं माप नसेल तर मूठही चालेल. कुणाची मूठ ते लिहा.

आणखी एक. टेम्पोत त्या बाटल्यांची चकाकी पाहून मल्लाप्पा माझ्या मागे लागला आहे: मिरजेहून त्या पावडरचं एक पोतं मागवा, हॉटेलांच्या चादरींना लागेल. नुकत्याच वाचवलेल्या घाटावर! मी त्याला सांगितलं की चकाकी पावडरची नव्हे, आमच्या वन्संच्या हाताची आहे. तो तुम्हाला पत्र टाकणार आहे. तुम्हीही तेच कळवा. मी खोटं बोलत नाही हे तुम्ही जाणता, आणि हेही फारसं खोटं नाही.