ट्रेलरवरची ट्रायम्फ

मार्शलटाऊन, आयोवा
१२ मे १९७८

ती. ऑगस्टाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी ट्रायम्फ मोटार धड आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचायची नाहीस. व्हरमाँटहून निघालो तो आज ऑर्विलकडे पोचलो. लष्करातला माझा जुना दोस्त, आठवतो ना?

काल उतारावर पिकअपमागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. ब्रेक दाबला असता तर सगळंच खड्ड्यात गेलं असतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय तेवढा उचलला, स्टिअरिंग सरळ धरून बसलो. हळूहळू शांत झाला. गाडी ट्रेलरवर फार मागे बांधली गेली होती, पुढे वजनच नव्हतं. आता पुढे सरकवली आहे. ट्रेलरचा एक टायर गेला. नवा येईपर्यंत इथेच.

गाडी बांधलेले पट्टे सैल होतील म्हणून मी सारखा थांबून बघतो. ऑर्विल म्हणतो, एवढ्या वेळा त्याने स्वतःच्या लग्नात नवरीकडेही पाहिलं नव्हतं.

तुझा,
मर्विन

सांता फे
१८ मे

चि. मर्विन यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आज फोन केला तर तू अंगणात होतास. ऑर्विल म्हणाला, टायर परवाच बसवला. मग अजून तिथे काय करतोयस?

तुझी थेल्मा गेल्यावर तुला म्हटलं, एकटा राहू नकोस, माझ्याकडे कायमचा ये. तू म्हणालास, गाडी पोचवायला येतो. मी गाडी कधी मागितली रे? क्लिफर्डची गाडी ती, मी विधवा झाल्यापासून मला बघवत नाही, म्हणून तर तुझ्याकडे ठेवली. हवी तर तिथेच विक आणि बसने ये. पण ये. पट्ट्यांची निमित्तं मला सांगू नकोस.

लोभ आहेच, रागासकट.
ऑगस्टा

डॉज सिटी, कॅन्सस
२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि लगेच निघालो. पण पूर्वेकडे, परत व्हरमाँटला! घर विकलंय, तिथे माझं काही उरलं नाही, हे ठाऊक असूनही. मिसिसिपीच्या पुलापाशी थांबून पट्टे तपासले. एकही सैल नव्हता. मग ट्रेलरवर चढून ट्रायम्फमध्येच बसून राहिलो. येणारेजाणारे बघून हसत होते. थेल्मा असती तर तिनेही विचारलं असतं, कुठे निघाली स्वारी? उतरलो आणि पिकअप वळवली.

इथे आडवा वारा आहे, सावकाश येतोय. गाडी विकणार नाही. तुला बघवत नसेल तर झाकून ठेवू. रविवारी जेवायला धर.

व्हरमाँटच्या घराची एक किल्ली खिशातच राहिली होती. आज सकाळी नव्या मालकाला टपालाने पाठवून दिली.

तुझ्या मायेचा धनी,
मर्विन