दोनवर की तीनवर

सोमवार, ४ तारीख
वहीबाई, माफ कर. अकरा दिवस तुझ्याकडे फिरकलो नाही. आता स्टुडिओ सूनबाई चालवते ना, तिने नवे दिवे आणले. त्यांचं कौतुक करता करता दिवस गेले! साबणाच्या वडीएवढे चार एलईडी. माझा फ्लॅश अख्खी खोली उजळतो, हे जेमतेम नाकापुरते. म्हणे, "बाबा, सावली कुठे पडते ते आधीच दिसतं." वा! चाळीस वर्षं मी आंधळी कोशिंबीर खेळत होतो तर.

बुधवार, ६
मी काढलेला हिचा व्हिसाचा फोटो परत आला. डोळे मिटलेले. तिकडे परदेशात लेकीचे दिवस भरत आलेत, आणि इथे कारकून विचारतो, "आजोबा, आजी झोपल्यात की काय?" मोठा विनोदी! खिडकीत वाया जातोय बिचारा.

शुक्रवार, ८
पुन्हा काढला, पुन्हा परत. "अजून उठल्या नाहीत वाटतं!"
मी म्हटलं, वयाने पापण्या जड होतात. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली.
घरी येऊन गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं. ही सहा महिने जाणार. मग 'बंद आहे हो' असं कोण सांगणार? मला तर साखरेचा डबा कुठला तेही ठाऊक नाही.

शनिवार, ९
सूनबाईचा तपास सुरू.
"बाबा, भिंतीवर आईंचे सात फोटो आहेत. सगळे फ्लॅशवरचेच ना? एकातही डोळे मिटलेले नाहीत."
"तेव्हा तरुण होती ती."
"शेवटचा गेल्या वर्षीचा आहे."
वकील व्हायची, उगाच या धंद्यात पडली.

रविवार, १०
चार काजवे लावले. ना लखलखाट, ना माझं मोठ्याने एक-दोन-तीन! सासू-सुना गप्पा मारत बसल्या आणि बोलता बोलता वीस फोटो. मी म्हटलं, उजेड धुऊन विटलेल्या कापडासारखा आहे. ही म्हणाली, "असू दे. मला बरा वाटतो."
डोळे उघडे. वीसच्या वीस! वर हसतेय शहाणी.

मंगळवार, १२
फोटो पास. कारकून म्हणाला, "उठल्या एकदाच्या!" सगळे हसले. मीही हसलो. काय करतो?
फ्लॅश पेटीत ठेवून दिला.

गुरुवार, २८
गेली.
गाडीत बसताना हळूच म्हणाली, "अहो, दोन्ही वेळा तीनवर दाबलंत ना?"
'तीन' ऐकलं की हिचे डोळे मिटतात. म्हणून हिच्यापुरतं मी जन्मभर दोनवरच बटण दाबत आलो. तिला ठाऊक असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.
साखर अजून सापडली नाही. पोचलीस की कळव. लगेच कळव गं.