पंपाच्या नळीत वरखाली सरकणारा

मी, खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त पंप-फिटर, गुडघ्यांनी कुरकुरत असलो तरी डोक्याने शाबूत आहे. कोणी भरीस घातले नसताना, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते दोन खोल्यांचे घर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत मुलाने ते विकण्याचा विषयही काढू नये. तिच्यानंतर ते मुलाचे आणि सुनेचे, दोघांचे मिळून.

कलम २. बँकेतील ठेव पत्नीच्या नावे करावी. तिने ती जपून ठेवू नये. माझ्या कुरकुरीपायी तिने जन्मभर मन मारले, आता हात सैल सोडावा.

कलम ३. पाने, पकडी आणि बेअरिंग काढायचा पुलर माझ्या जागी आलेल्या फिटरला द्यावा. मेहुण्याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी, पण ती माझी आहे हे त्याला तोंडावर सांगावे.

कलम ४. हे लिहायला सगळ्यात जड जाते आहे. दर रविवारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे आम्ही दोघे एकाच पेन्सिलीने सोडवायचो. आडवे शब्द तिचे, उभे माझे. एकमेकांचे लिहिलेले खोडायचे नाही, असा आमचा जुना करार. गेल्या महिन्यात उभ्यात आले, 'पंपाच्या नळीत वरखाली सरकणारा, दोन अक्षरे'. मी ऐटीत 'दांडा' लिहायला गेलो, तर खालच्या चौकोनात तिच्या 'पट्ट्या'मधला 'ट्ट्या' आधीच बसलेला. तिच्या आडव्या शब्दाचे सूत्र होते, 'जखमेवर बांधतात त्या'. मी तिचे अक्षर खोडले आणि 'डा' घातला.

ती म्हणाली, "अहो, माझं 'पडा' झालं की! जखमेवर पडा?"

मुलगा, सून आणि शेजारचे शिंपी चहा पीत बसले होते. ते हसले आणि मला ते झोंबले. मी म्हणालो, "पंप मी उघडलेत. तू जन्मभर नुसते नळ उघडलेस. यंत्रातलं तुला काय कळतंय!"

तिने पेन्सिल ठेवली आणि कपबशा उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी उत्तर छापून आले, 'दट्ट्या'. ज्या पिस्टनवर मी पोट भरले, त्याचा हा शब्द मला सुचला नव्हता. त्याची लाज वाटली, पण पुढे जे केले त्याची जास्त वाटते. ते पान घडी करून खिशात घातले आणि तिला सांगितले, "आज पुरवणी आलीच नाही." तिने नुसती मान डोलावली. तेव्हापासून कोडे मी एकटाच घेऊन बसतो आणि ते अर्धे तसेच राहते.

सबब मी पत्नीची माफी मागतो. हे कलम माझ्या मृत्यूनंतर तिला वाचून दाखवावे.

कलम ५. वरील शेवटचे वाक्य रद्द. साक्षीला आलेल्या शिंप्यांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "दादा, वहिनी आतल्या खोलीत आहेत. मरायची वाट कशाला बघता?"

मी आत जाऊन वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "पुरवणी मी त्याच दिवशी शेजारी जाऊन बघितली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग भाजी बाजूला सारून म्हणाली, "बोललात तिघांच्या देखत, आणि माफी कागदावर? चालायचं नाही."

म्हणून उद्या रविवारी त्याच तिघांना चहाला बोलावले आहे. त्यांच्यासमोर मी हे तोंडाने बोलणार आहे. घर आणि ठेव लिहून देताना हात स्थिर होता. उद्याच्या विचाराने तो आत्ताच कापतो आहे. खालची सही वाकडी दिसेल. ती माझीच आहे आणि मी पूर्ण शुद्धीत आहे.

सही : निवृत्त पंप-फिटर

साक्षीदार १ : शेजारचे शिंपी. सही आमच्यासमक्ष झाली.
साक्षीदार २ : कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर. नाडी पाहिली, ठीक आहे.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : महिन्यातला दुसरा शनिवार