चौथी पट्टी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

मी ठणठणीत आहे. सुट्टीसाठी तीन पार्क निवडून तू माझं मत विचारलंस. पाळणे कुठे उंच, घसरगुंड्या कुठे जास्त, सगळं लिहिलंस. दारं किती, ते कुठेच नाही! हरवलेल्या मुलांच्या खोलीत सहा वर्षं काम करतेय, म्हणून सांगते. त्या सगळ्यात मोठ्या पार्कला पाच दारं आहेत. तिकडे फिरकायचं नाही. आमचं पार्क लहान आहे, पण दार एकच आणि समोर माझी खिडकी.

पोरं हरवली की भोकाड पसरतात, म्हणून सापडतात. मोठी माणसं रडत नाहीत. मागे एक आजोबा दुपारभर बाकावर बसून होते. सगळ्यांना वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत.

आई भाजी आणायला गेली आणि शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलेली सापडली, हे तू शेवटी गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू नाही आलं. असं कितव्यांदा झालं? डॉक्टरांना दाखवलंस? फोनवर ती मला ओळखते, की तू बाजूला उभा राहून सांगतोस?

मनगटाला बांधायच्या, फोन नंबरच्या पट्ट्या काढून ठेवल्यात. दोन तुझ्या पोरांच्या, एक आईची. ती म्हणेल, "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणून चौथी तुझी. तिच्यासमोर आधी तू बांधून घे.

दारावर नजर लावून बसलेली,
तुझी ताई