डावा ॲक्सल आणि रविवारचं गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडीचा डावा ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, पुन्हा गिअरबॉक्समधून निसटला. गॅरेजवाल्या शफीभाईंनी फोनवर पक्कं सांगितलं. नवऱ्याचा, वि.चा, फोन त्यानंतर आला, एवढाच : "रिक्षानं येतोय."
पेपरच्या डेस्कवरची सवय जात नाही. आधी बातमी, मग कुणी सांगितली ते, मग बाकीचं.
बाकीचं असं. शुक्रवार पेठेत, गॅरेजच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावरून वळताना खट् झालं. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.
वि. जेवला. हात धुताना म्हणाला, "विकून टाकू."

४ फेब्रु., मंगळ
खरंच फोन केला त्यानं. विजापूर रोडचे कुणी गृहस्थ रविवारी दहाला येणार, गाडी आहे त्या स्थितीत घ्यायची तयारी. फोन ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला.
ती खुर्ची. हृदयाच्या बायपासनंतर सगळा पावसाळा तो तिथंच. पेपर उघडा, पान सकाळचंच. शेवटी शफीभाई आले, त्याचे शाळेपासूनचे दोस्त. म्हणाले, "विन्या, तुज्या डबड्याचं इंजिन गेलंय. माज्याकडं मोठ्या गाडीचं एक चांगलं पडून हाय. बसवायचं का?" त्या दिवशी वि.नं आपल्या चपला आपण शोधल्या. मग गाडी खाली घेण्याची, म्हणजे तिची उंची कमी करण्याची हौस, ती कॉलेजातली राहून गेलेली. आता पोट रस्त्याला टेकतं की काय, असं वाटतं. मी हसले होते.
गाडी गेली तर जाऊ दे. खुर्ची परत नको.

५ फेब्रु., बुध
शफीभाई आले. वि. खुर्चीतून उठला नाही.
"भाभी, सील बदललं, इंजिनाचे रबर बदलले, बेअरिंग बघितलं. समदं चांगलं हाय. तरी निसटतोय." मग त्याच्याकडं वळून, "विकतोय म्हणं? मला न इचारता? इंजिन माज्या हातचं हाय की."
वि. म्हणाला, "ॲक्सलपण तुझ्याच मापाचा आहे."
हे लागलं त्यांना. मापाचा खराच. इंजिन बदललं तशी गिअरबॉक्सची जागा सरकली, कंपनीचा दांडा पुरेना, म्हणून मोजून लेथवर नवा करून घेतलेला.
चहा न घेता उठले. दारातून म्हणाले, "उद्या आपाच्या यार्डात ओढून नेतो. येनार असशील तर ये."
चहा मी दोन्ही कपांतला प्यायले. टाकवला नाही.

६ फेब्रु., गुरु
सकाळी वि. पाणी प्यायला म्हणून उठला, आणि चपला घातल्या. मी पर्स घेतली.
चिंचोळी एमआयडीसी. रुक्सानाआपा शफीभाईंची थोरली बहीण. नवऱ्यामागं ट्रकचा धंदा तीच बघते. यार्डात ट्रकखाली उतरायचा सिमेंटचा खड्डा आहे. शफीभाईंच्या गल्लीतल्या गॅरेजात तो नाही. शिवाय आपली गाडी इतकी खाली की जॅकवर चढवल्याशिवाय तिच्याखाली मांजरसुद्धा जाऊ शकत नाही.
आपा म्हणाली, "दोन म्हातारे, एक गाडी, आन् एकाला बी वाकता येत न्हाय. उतरा खड्ड्यात."
गाडी उचलून दांडा बसवला. व्यवस्थित बसला. गाडी खाली उतरवून चाकं टेकवली. वि. खड्ड्यात, हातात टॉर्च. मग आतून आवाज :
"वर असताना बसतोय. टेकली की बाहेर सरकतोय."
पुन्हा उचला, पुन्हा टेकवा. तेच.
"शफ्या, माप घेतलं तेव्हा चाकं लोंबत होती."
शफीभाईंनी जॅक खाली ठेवला. मग म्हणाले, "लोंबतच असनार. खाली जायला जागा कुटं ठेवली होतीस तू?"
दोघंही हसले. खड्ड्यातलं हसू घुमतं.
मला समजलं ते असं : लोंबती चाकं आत ओढलेली असतात, टेकली की बाहेर फाकतात. अंतर वाढतं. दांडा आखूड पडतो, वळणावर गचका बसला की निघतो. कुणी चूक केली म्हणायचं? एकानं गाडी खाली घेतली, एकानं वर करून मोजली.
माप वि.नं स्वतः घेतलं, चाकं जमिनीवर ठेवून. कोपरापर्यंत ग्रीस. आपानं साबण दिला, आणि दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं. या बाईचे उपकार कसे फेडायचे!

८ फेब्रु., शनि
नवा दांडा आला, बसला. यार्डात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेऱ्या, मग गतिरोधकावरून. आपा खुर्ची टाकून बघत होती. टिकला. घरापर्यंतही टिकला. लांबच्या रस्त्यावर अजून तपासलेला नाही, असं शफीभाईंनी बजावून सांगितलंय.
त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "भाभी, माजाच दोस्त परत मिळाला की. आबार कसले."
संध्याकाळी वि.नं विचारलं, "उद्या पहाटे उठशील? वेळापूरला जाऊन येऊ. देऊळ बघून बरीच वर्षं झाली."
"आणि दहाच्या आत परत कसे येणार? ते गृहस्थ येणार आहेत ना?"
"तेच की."
"फोन तरी कर त्यांना."
"गाडी वेळापूरला पोचली की करतो, विकत नाही म्हणून. नाही पोचली, तर कुठं येऊन गाडी न्यायची ते सांगतो."
शफीभाई मागच्या सीटवर बसणार, जॅक मांडीवर घेऊन. सहाला निघायचं. पोह्यांचा डबा माझ्याकडं. खुर्चीवर मघाशी त्यानं धुतलेली ग्रीसची फडकी वाळत घातली आहेत.