पाचवा शिक्का

सोमवार, ४ मार्च २०१९. सकाळ.
नवी वही, नवा ओरेस्ते. वय सदुसष्ट. वजन एकोणनव्वद (बूट धरून). नाडी उत्तम, म्हणजे हाताला लागते.
काल फोस्कोला इस्पितळात दाखल केलं. छातीचं दुखणं. चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच बाकावर अलाबास्टरच्या फुलदाण्या कोरल्या. दगड मऊ, पण धूळ पिठासारखी. दोघांनी सारखीच खाल्ली. फोस्कोनं कधी तोंडाला रुमाल बांधला नाही. मीही बांधला नाही म्हणा, पण माझी प्रकृती मुळातच वेगळी.
निश्चय: पाच शिक्क्यांची फेरी पुन्हा पुरी करायची आणि भरलेलं कार्ड फोस्कोच्या उशाशी नेऊन ठेवायचं. ही फेरी वीस वर्षांपूर्वी आम्हीच आखली. आमच्या वोल्तेर्रातून निघायचं, पाच गावं घ्यायची, प्रत्येक गावच्या कॉफीबारमध्ये कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. आता डच आणि जर्मन लोकही करतात. नियम कार्डाच्या मागे फोस्कोच्या शब्दांत छापलाय: सायकलवरून येणाऱ्याला शिक्का. गाडीतून येणाऱ्याला फक्त कॉफी.
नोर्मा म्हणाली, कार्डबिर्ड राहू दे, आधी त्याला भेटून ये. आमच्या हिला सरप्राइज म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.

शनिवार, ९ मार्च
पहिला शिक्का! खालचं मिठागरांचं गाव, एकोणीस मिनिटांत. तरुणपणी बावीस लागायची. रस्ता सगळा उताराचा आहे हे खरं, पण उतरायलाही अंगात काहीतरी लागतं. परत बसनं आलो. परतीबद्दल नियमात अवाक्षर नाही.

गुरुवार, १४ मार्च
दुसरा शिक्का. चढाचा काही भाग पायी. सायकल हातात होती, त्यामुळे नियम मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही.
खोकला आला. फुलांचा मोसम आहे, अर्ध्या गावाला येतो.

रविवार, १७ मार्च
फोस्कोचा फोन. आवाज बारीक झालाय, लाइन खराब असावी. म्हणाला, कुठं उलथलायस रे? इथं सुपात मीठ नाही, शेजारचा म्हातारा दिवसभर त्याच्या मेलेल्या गाईला हाका मारतो, आणि बोलायला माणूस नाही. ये की लेका.
म्हटलं, येतोय, एक काम हातात आहे, तुझ्यासाठीच आहे. येत्या रविवारी नक्की.
इस्पितळ तसं आडवाटेला पडतं.

रविवार, २४ मार्च
समुद्राकडून वारा. असल्या वाऱ्यात सायकल काढणं म्हणजे वेडेपणा. इस्पितळातही गेलो नाही. अर्धवट कार्ड घेऊन कसं जाणार? आजारी माणसाला अर्धवट गोष्टी दाखवू नयेत.
दिवस वाया नाही गेला. धाप का लागते याचा शोध लागला: सीट चार मिलिमीटर खाली होती. वर केली. जिना चढताना थोडी धाप अजून लागते, पण जिन्याला सीट नसते.

मंगळवार, २ एप्रिल
तिसरा आणि चौथा, एका दिवसात!
तपशील फक्त माझ्यासाठी. नोर्माला कोंबड्यांचं खाद्य आणायला त्या बाजूला जायचंच होतं. सायकल गाडीच्या टपावर बांधली. म्हणजे सायकलही गेली आणि मीही गेलो, दोघं एकाच वेळी, एकाच रस्त्यानं. प्रत्येक गावाच्या अलीकडच्या वळणावर उतरलो, हेल्मेट चढवलं, तोंडावर बाटलीतलं पाणी मारलं आणि शेवटचे दोनशे मीटर जोरात मारले. कॉफीबारवाला म्हणाला, शाब्बास आजोबा.
परत येताना नोर्मानं गियर जरा जास्तच जोरात टाकले. तिला वळणांचा त्रास होतो.

रविवार, ७ एप्रिल
मोन्तेचेर्रो. पाचवा, सगळ्यात उंच. तिथला कॉफीबार दिर्चेचा, म्हणजे फोस्कोच्या धाकट्या बहिणीचा. घरचंच माणूस, म्हणून आजही गाडीचीच योजना केली. चूक झाली.
दिर्चे काउंटरमागून बाहेर आली. माझ्या मानेवरून हात फिरवला. मग बाहेर जाऊन सायकलची सीट चाचपली, चाक चाचपलं. म्हणाली, ओरेस्ते, नऊ किलोमीटरचा चढ चढून आलास आणि मान कोरडी ठणठणीत? शिक्का परत ड्रॉवरमध्ये. कॉफी मात्र दिली.
वर म्हणाली, दादा रोज विचारतो, ओरेस्ते दिसला का. काय सांगू त्याला?
म्हटलं, सांग, तयारी जोरात चाललीय.

सोमवार, १५ एप्रिल
दिर्चेच्या पोटात काही राहत नाही. फोस्कोचा फोन आला तो हसतच. दोनशे मीटर मारलेस ना जोरात? तोंडावर पाणी मारलंस? (हे त्याला कसं कळलं? नोर्मा!) मग हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना. मी फोन कानापासून लांब धरून उभा होतो.
पुन्हा बोलायला लागला तेव्हा शब्द एकेक करून येत होते. म्हणाला, तो शिक्का गेला खड्ड्यात. तू ये. येताना दाढीचं सामान आण, इथली ब्लेडं गाल सोलतात.
फोस्कोला मी चाळीस वर्षं ओळखतो. शिक्का खड्ड्यात म्हणाला याचा अर्थ त्याला शिक्काच हवा आहे. हे आव्हान आहे. स्वीकारलं.
उद्यापासून वाइन बंद. सकाळी दोनशे बैठका.

मंगळवार, १६ एप्रिल
अकरा बैठका. सुरुवात आहे.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर.
नोर्मा ईस्टरच्या केकचा मोठा तुकडा आणि माझं दाढीचं सामान घेऊन इस्पितळात गेली. मला किंचित सर्दी. अशा वेळी मी जाणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.
आली ती कोट न काढताच सिंकपाशी उभी राहिली. नळ चालू, हातात भांडं नाही. मग म्हणाली, एवढासा झालाय रे. उशीवर डोकं आहे की नाही कळत नाही. तुझी चौकशी केली. मी सांगितलं, सर्दी झालीय. तर म्हणाला, सर्दी नाही, घाबरलाय तो. त्याला सांग, मी चावत नाही.
औषधांनी माणूस काहीही बोलतो. केकचा तुकडा तसाच परत आला होता. मी खाल्ला, टाकायचा कसा?

रविवार, २८ एप्रिल
मोन्तेचेर्रोवर खरा प्रयत्न, पायडल मारत. तिसऱ्या किलोमीटरच्या देवळीपर्यंत पोचलो. तिथं खोकल्यानं पाठ धरली. सायकल आडवी टाकून गवतात बसलो. रुमालात नीट बघितलं. काही नव्हतं. घडी घालून ठेवला, थोड्या वेळानं काढून पुन्हा बघितलं.
गियरची साखळी कोरडी आहे. तेल घालायला हवं.

शुक्रवार, ३ मे. सकाळी सहा.
आज. आभाळ स्वच्छ, वारा नाही, साखळीला तेल. फोन घरीच ठेवतोय, तेवढंच वजन कमी. दुपारी बारापर्यंत शिक्का, चार वाजता फोस्कोकडे. सगळं सांगेन, गाडीचंही सांगेन. दाढी मीच करून देईन.

शुक्रवार, ३ मे. संध्याकाळ.
क्रमानं लिहितो.
निघालो तेव्हा घरातला फोन वाजत होता. कोपऱ्यावर पोचलो तोच नोर्मानं खिडकीतून हाक मारली. दोनदा मारली. वाटलं, जॅकेट घे म्हणत असेल. मागं न बघता हात केला आणि सुटलो.
देवळी ओलांडली. पाचव्या किलोमीटरनंतर उतरलो, पुढचं सगळं ढकलत. दर वळणाला थांबलो. सातव्यावर वरून एक हिरवी गाडी खाली आली, हॉर्न वाजला, जरा पुढं जाऊन तिचे मागचे लाल दिवेही लागले. वाटलं, कुणीतरी म्हाताऱ्याला शाबासकी देतंय. मी झटकन सीटवर बसलो, मूठ वर केली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पायडल मारले. गाडी कुणाची ते बघितलंच नाही.
वर पोचलो तेव्हा साडेअकरा. मान घामानं निथळत होती. दिर्चेनं हात लावून बघावा, एवढंच डोक्यात होतं.
शटर खाली. त्यावर वहीच्या पानावर दिर्चेचं अक्षर: घरात मृत्यू झाल्यामुळे बंद.
पायरीवर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. खिशातून कार्ड काढलं. चार शिक्के, त्यातले दोन गाडीतले. पाचव्या चौकोनावर माझ्याच घामाचा डाग पडला होता.
उतरताना दोन्ही ब्रेक धरून उतरलो. वोल्तेर्राच्या वेशीच्या भिंतीवर काळ्या चौकटीचा कागद चिकटवला होता. गोंद अजून ओला. फोस्को रिघी, वय ७२, अलाबास्टर कारागीर. पहाटे पाचला गेला. मी तेव्हा साखळीला तेल घालत होतो.
सायकलच्या बुटांनीच इस्पितळात गेलो. फरशीवर टकटक आवाज होत होता, सगळे वळून बघत होते. फोस्कोला ठेवलं होतं त्या तळघराच्या खोलीत नोर्मा होती, दिर्चे होती. फोस्कोचे गाल स्वच्छ होते. नोर्मानं दाढी केली होती. ईस्टरला, मग आणखी दोनदा. मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.
दिर्चे म्हणाली, इतके दिवस होतास कुठं?
मी म्हटलं, तुझ्याकडेच आलो होतो. बंद होतं.
ती म्हणाली, माहीत आहे, मी हॉर्न दिला होता. तुला गाडीत घेऊन यावं म्हणून थांबलेही होते.
फोस्कोनं बरोबर ओळखलं होतं. मी घाबरलो होतो. त्याला बघायला नाही, त्याच्या जागी स्वतःला बघायला. नऊ आठवडे रोज घाबरलो आणि त्याला सराव म्हणत राहिलो.
सायकल इस्पितळातच राहिली. नोर्माबरोबर चालत घरी आलो. सहा मिनिटं लागली. घराकडे येताना वाट चढाची, पण माझ्यासारख्यालाही एकदाच थांबावं लागलं इतकीच. म्हणजे जाताना ती सगळी उताराची आहे.